हवेची टाकी घेताना आधी खांद्यावरचा शिक्का वाचा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलाला किंवा मुलीला दहा मीटर एअर रायफल वा पिस्तूल घेऊन देताना पालक चार जणांना विचारतात, दोन दुकाने पालथी घालतात, पकड हाताला बसते की नाही हे तपासतात. दाबलेल्या हवेने छरा उडवणारी ती बंदूक भरायला लागणारी हवेची टाकी मात्र बहुतेकदा मोबाइलवर किंमत पाहून मागवली जाते, नाहीतर कोणाकडची तरी जुनी उचलली जाते. खरे तर बंदूक बिघडली तर नेम चुकतो. टाकी बिघडली तर माणूस जातो. रेंजवर आणि घरोघरी ज्या टाक्या दिसतात, त्यांतल्या काहींजवळ उभे राहायलाही आम्ही प्रशिक्षक आणि कारागीर तयार होणार नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

दाब ‘बार’मध्ये मोजतात. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब साधारण १ बार, मोटारीच्या टायरमधला सव्वादोन बारच्या आसपास. मॅच रायफलच्या, म्हणजे स्पर्धेच्या रायफलच्या, नळीखालचा छोटा सिलिंडर बहुधा २०० बारपर्यंत भरायचा असतो आणि तो जिच्यातून भरायचा ती मोठी टाकी २०० ते ३०० बारची असते. ३०० बारला भरलेल्या १२ लिटरच्या टाकीत सुमारे ७ लाख जूल ऊर्जा कोंडलेली असते. एक टन वजनाची मोटार ताशी १३० किलोमीटरहून जास्त वेगाने धावते तेव्हा तिच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढी ही. हवा पेटत नाही, विषारी नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. ऊर्जा दाबात आहे, हे लक्षात राहत नाही.

टाकी हातात आली की रंग, स्टिकर, ‘४५०० पीएसआय’ (पीएसआय हे दाबाचे दुसरे माप) अशी ठळक अक्षरे बाजूला ठेवा आणि मानेखालचा उतरता भाग, म्हणजे खांदा, पुसून बघा. धातूच्या टाकीची जन्मपत्रिका तिथे ठोकलेली असते: बनवणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, कोणत्या मानकाप्रमाणे बनवली ते, रिकामे वजन, लिटरमध्ये पाण्याची क्षमता, कामाचा दाब, चाचणीचा दाब आणि शेवटच्या चाचणीचा महिना व साल. भारतात बनलेल्या बिनसांध्याच्या पोलादी टाकीवर आयएस ७२८५ हा मानक क्रमांक सापडतो. कार्बन धाग्याच्या टाकीवर हाच मजकूर राळेखाली बसवलेल्या पट्टीवर असतो. यातली सगळ्यांत कामाची जोडी म्हणजे कामाचा दाब आणि चाचणीचा दाब. चाचणीचा दाब कामाच्या दाबाच्या बहुधा दीडपट असतो: २०० च्या टाकीला ३००, २३२ च्या टाकीला ३४८, ३०० च्या टाकीला ४५०. विकणारा ‘३०० बार’ म्हणतो आणि खांद्यावर चाचणीचा दाब ३०० लिहिलेला आहे, तर ती टाकी २०० बारची आहे. हा घोटाळा अजाणतेपणी होतो तसा जाणूनबुजूनही केला जातो. शिक्के घासून काढलेले असतील, वरून जाड रंग चढवलेला असेल किंवा आकडे खोडून पुन्हा ठोकलेले असतील, तर पुढे बोलणेच नको.

पाण्याच्या दाबाची चाचणी, जिला सगळे हायड्रो टेस्ट म्हणतात, साधारणपणे दर ५ वर्षांनी करावी लागते. टाकी पाण्याने भरून चाचणीच्या दाबापर्यंत नेतात, ती किती फुगली आणि दाब काढल्यावर किती फुगलेली राहिली हे मोजतात. कायम राहिलेला फुगवटा एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांहून जास्त भरला तर टाकी बाद. पाणीच का, तर पाणी जवळजवळ दबत नाही. टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. एखाद्या वर्कशॉपमध्ये हवेच्याच दाबाने ‘टेस्ट करून देतो’ असे कोणी सांगितले तर त्याच्या हातात टाकी देऊ नये.

कायद्याची बाजूही पालकांना सहसा कोणी सांगत नाही. दाबाखालच्या वायूच्या टाक्यांना १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्याखालचे गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. ते राबवणारी संस्था म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, सगळ्यांच्या तोंडी पेसो. मान्यता नसलेल्या बनावटीची टाकी भरता येत नाही, परदेशातून टाकी आणायला आधी परवानगी लागते आणि टाक्या भरून देण्याच्या धंद्याला परवाना लागतो. परदेशी संकेतस्थळावरून कार्बनची टाकी थेट मागवणारे कस्टम्समध्ये अडकतात ते यामुळेच. आणि सुटली तरी पुढे परवानाधारक चाचणी केंद्र ती तपासायला घेत नाही. ५ वर्षांनी तिचे करायचे काय, याचे उत्तर कोणाकडेच नसते. म्हणून विकणाऱ्याकडून बिलावर टाकीचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि मान्यतेच्या कागदाची प्रत मागा. देत नसेल तर दुसरा विक्रेता शोधा.

आता ज्या टाक्या कोणत्याही किमतीला घेऊ नयेत त्यांच्याबद्दल. कार्बन डायऑक्साइडचे आग विझवण्याचे नळकांडे रंगवून, त्याला नवा व्हॉल्व्ह लावून ‘एअरगन टाकी’ म्हणून विकले जाते. त्याचा चाचणीचा दाब साधारण २५० बार असतो, म्हणजे २०० बार हवा भरली की सुरक्षिततेचा दीडपटीचा पदर संपलाच. गाडीतून काढलेली सीएनजीची टाकी त्याहून वाईट. तिच्यावर २०० बार लिहिलेले असते म्हणून लोक फसतात, पण आत कॉम्प्रेसरचे तेल आणि गॅसचा अंश चिकटलेला असतो. तेल, दाबाखालची हवा आणि झटकन भरताना होणारी उष्णता ही तिन्ही एकत्र आली की डिझेल इंजिनात जे घडते तेच, म्हणजे ठिणगीविना स्फोट, टाकीत घडते. राहिली ऑक्सिजनची, काळ्या अंगाची आणि पांढऱ्या खांद्याची. ‘हवाच आहे, जरा शुद्ध’ अशा समजाने तिच्यातून बंदूक भरणे हा शुद्ध आत्मघात आहे. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ओ-रिंगवरचे, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्यावरचे, ग्रीसही भडकते. रिकामी झालेली ऑक्सिजनची टाकी हवेसाठी वापरणेही तितकेच वर्ज्य. नायट्रोजनने मात्र बंदुकीचे काही बिघडत नाही. तो कोरडा असतो, पण उद्योगांना मिळणारी नायट्रोजनची टाकी १५० बारच्या आसपासची असते. तिच्यातून २०० बार मिळणार नाहीत आणि बंद खोलीत ती गळू लागली तर श्वास कोंडतो.

‘२०० ची घ्यावी की ३०० ची?’ हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो. बहुतेक विक्रेते डोळे मिटून ३०० म्हणतात. आमचे मत वेगळे आहे आणि ते आकड्यांवर उभे आहे.

रायफलचा सिलिंडर ०.१५ लिटरचा धरू आणि तो १०० बारपर्यंत उतरला की पुन्हा भरायचा, असे धरू. मॅच रायफलला आत रेग्युलेटर असतो; सिलिंडरमध्ये २०० बार असोत की १३०, रेग्युलेटरच्या पुढे दाब तोच राहतो, म्हणून छऱ्याचा वेगही तोच राहतो. अपुरा भरलेला सिलिंडर नेम बिघडवत नाही, फक्त लवकर संपतो. ही एक गोष्ट समजली की निम्मी चिंता जाते. पाणबुड्यांची नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची, २०७ बारची असते. ती २०० बारला भरलेली असेल, तर तिच्यातून १० वेळा भरल्यावर टाकीत १८७ बार उरतात, २० वेळा भरल्यावर १७६ आणि ३५ वेळा भरल्यावर १६२. पूर्ण भरलेल्या सिलिंडरमधून १५० शॉट निघतात असे धरले आणि मूल आठवड्याला ३०० शॉट मारत असेल, तर ही एकच टाकी एका नेमबाजाला तीन-साडेतीन महिने पुरते. सामन्यातले ६० शॉट आणि त्याआधीचे सरावाचे शॉट मिळून शंभराच्या आतच राहतात, म्हणजे १६२ बारला भरलेला सिलिंडरही सामना पार पाडतो. घरात एकच रायफल असेल तर ३०० बारची टाकी हा निव्वळ जादा खर्च आहे.

क्लबचे गणित निराळे. दहा मुले त्याच हिशेबाने शॉट मारत असतील तर आठवड्याला २० वेळा भरावे लागते आणि २०० ची टाकी आठवड्यातच १७६ वर येते. इथे ३०० ला अर्थ आहे. १२ लिटरची ३०० बारची टाकी २०० वर येईपर्यंत कागदावर ८० वेळा पूर्ण भरून देते. कागदावर म्हणण्याचे कारण, इतक्या दाबाला हवा साध्या सूत्राप्रमाणे वागत नाही. ३०० बारला टाकीत अपेक्षेपेक्षा कमी हवा मावते. प्रत्यक्षात ६५ ते ७० वेळा धरावे. याच हिशेबाने ६.८ लिटरची ३०० बारची कार्बन टाकी ३८ च्या आसपास आणि ३ लिटरची १६-१७ वेळा पूर्ण भरून देते. क्लबसाठी एका मोठ्या टाकीपेक्षा दोन टाक्या बऱ्या: आधी कमी दाबाच्या टाकीतून सिलिंडर जितका चढेल तितका चढवायचा आणि शेवटचे वीस-तीस बार भरलेल्या टाकीतून घ्यायचे. भरलेली टाकी त्यामुळे कितीतरी जास्त दिवस टिकते आणि एक टाकी चाचणीला गेली तरी सराव बंद पडत नाही.

पण ३०० ची टाकी घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: ती ३०० पर्यंत भरून कोण देणार? गोव्यात दाबाखालची स्वच्छ हवा मिळण्याची सहज जागा म्हणजे स्कूबा डायव्हिंगवाले. त्यांचे काम २०० बारच्या टाक्यांवर चालते; त्यांच्यापैकी अनेकांचा कॉम्प्रेसर आणि होज ३०० साठी नसतो. ३०० ची टाकी घेऊन ती २०० पर्यंतच भरून आणायची, तर दुप्पट पैसे देऊन जास्त वजन उचलण्यापलीकडे काही साधत नाही. जोडणीतही अडचण येते. डिन पद्धतीच्या, म्हणजे होजचे तोंड आट्यांनी आत फिरवून बसवायच्या, व्हॉल्व्हला २३२ बारसाठी ५ आटे असतात आणि ३०० बारसाठी ७. २०० च्या होजचे तोंड ३०० च्या व्हॉल्व्हमध्ये तळापर्यंत पोचतच नाही. ती अडचण मुद्दाम ठेवलेली आहे, कमी दाबाचे सामान जास्त दाबाच्या टाकीला लागू नये म्हणून. मधे ॲडाप्टर घालून ती शहाणपणाची अट मोडू नका. वरून शिकंजासारखा बसणारा योक व्हॉल्व्ह फार तर २३२ बारपर्यंतचा. टाकी घेण्यापूर्वी भरून देणाऱ्याला फोन करा, त्याचा होज कोणता, किती बार देतो, बिगर-डायव्हिंग टाकी घेतो का आणि चाचणीचा शिक्का किती जुना चालतो, हे विचारा. मग टाकी निवडा. उलट क्रमाने गेलेल्यांच्या टाक्या माळ्यावर पडून आहेत.

शिवाय आपला पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर्या खवळलेला असतो, डायव्हिंग थांबते आणि भरून देणारेही बहुधा थांबतात. शाळा-कॉलेजांच्या सरावाचे दिवस नेमके तेच. म्हणून टाकी मे अखेरीस काठोकाठ भरून ठेवावी. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे एका नेमबाजाचा बहुतेक पावसाळा तिच्यावर निभावतो.

पावसाळ्याचा दुसरा त्रास डोळ्याला दिसत नाही. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. १२ लिटरची टाकी ३०० बारला भरायला ३.६ घनमीटर हवा ओढावी लागते, म्हणजे ९० ग्रॅमहून जास्त पाणी कॉम्प्रेसरमध्ये शिरते. चहाचा एक कप. चांगल्या कॉम्प्रेसरमध्ये त्यातले बरेचसे पाणी प्रत्येक टप्प्यानंतरच्या सापळ्यात जमते आणि निचऱ्याच्या व्हॉल्व्हमधून सोडून द्यायचे असते. राहिलेले फिल्टरमधली मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे ओल शोषणारे दाणे, शोषते. श्वसनाच्या हवेच्या युरोपीय मानकात २०० बारच्या वरच्या टाकीसाठी घनमीटरमागे ३५ मिलिग्रॅमच पाणी चालते. सापळ्यांतून सुटलेले पाणी ३५ मिलिग्रॅमपर्यंत आणायचे शेवटचे काम ती सीव्ह करते आणि आपल्या हवेत ती थंड देशातल्या पुस्तिकेत लिहिलेल्या तासांच्या कितीतरी आधी दमते. भरून देणाऱ्याला विचारा, फिल्टर शेवटचा कधी बदलला, निचरा किती मिनिटांनी सोडता. जो नोंदवही दाखवतो त्याच्याकडे दोन पैसे जास्त द्यावेत. घरी तपासायची सोपी युक्ती: टाकीचा व्हॉल्व्ह किंचित उघडून हवा पांढऱ्या कोरड्या कापडावर काही सेकंद सोडा. ओल, पिवळट डाग किंवा तेलाचा वास आला तर त्या हवेने बंदूक भरू नका. हे करताना तोंड आणि हात झोतासमोर नकोत.

ओल्या हवेने काय होते? पोलादी टाकी आतून गंजते आणि ती तांबूस पूड होजमधून रायफलच्या रेग्युलेटरपर्यंत जाते. ॲल्युमिनियममध्ये पांढरी भुकटी धरते. रेग्युलेटरच्या बैठकीवर एक कण अडकला की दाब हळूहळू सरकत राहतो. थोडे थांबून मारलेला शॉट वर जातो, लागोपाठचे शॉट नीट बसतात. दहाचा ठिपका एअर रायफलमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा असतो. प्रशिक्षक मुलाचा श्वास आणि ट्रिगर दुरुस्त करत बसतो आणि दोष असतो टाकीतल्या पाण्यात.

पोलाद, ॲल्युमिनियम की कार्बन, यावर फार घोळ घालायची गरज नाही. एका जागी राहणाऱ्या टाकीला पोलाद उत्तम: मजबूत, स्वस्त, चाचणीला सोपे, १२ लिटरची ३०० बारची टाकी १७-१८ किलो भरते. किनाऱ्याजवळ ठेवायची तर ॲल्युमिनियमला तांबेरा चढत नाही हा फायदा आहे, मात्र ६३५१ या जुन्या मिश्रधातूच्या टाक्यांना मानेपाशी तडे जातात असे सिद्ध झाले आहे. तसली जुनी टाकी फुकट मिळाली तरी नको. कार्बन हलकी, ६.८ लिटरची पाचेक किलोच्या आत; पण तिला ओरखडा आणि आपट सोसत नाही, उन्हात राळ खराब होते आणि कित्येकींना १५ वर्षांची ठरीव आयुष्यमर्यादा असते, जी पट्टीवर लिहिलेली असते. १३ वर्षांची जुनी कार्बन टाकी ‘स्वस्तात’ मिळत असेल तर ती उरलेल्या दोन वर्षांच्या हिशेबाने महागच.

जुन्या डायव्हिंगच्या टाक्या गोव्यात विकायला निघतात आणि त्यांतल्या काही चांगल्याही असतात. गोल बुडाच्या पोलादी टाकीला खाली रबरी बूट असतो, तो काढूनच पाहा. खारे पाणी त्याच बुटात साचते आणि टाकी तिथेच खाल्ली जाते. नखाला लागेल असा खड्डा असेल तर सोडून द्या. व्हॉल्व्ह उतरवून आत बॅटरीचा प्रकाश टाकून पाहणे चाचणी केंद्राचे काम आहे. ते झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. व्हॉल्व्ह स्वतः बदलण्याच्या फंदात तर पडूच नका. मानेचे आटे बाहेरून सारखे दिसतात, पण २५ मिलिमीटरचा मेट्रिक व्हॉल्व्ह पाऊण इंची आट्याच्या मानेत सैलसर बसतो, हवाही धरतो आणि दाब चढल्यावर गोळीसारखा उडतो. या एका चुकीने जगभर माणसे मेली आहेत.

भरण्याच्या जोडणीत चार वस्तू हव्यात: टाकीला लागणारे डिन तोंड, बारीक भोकाचा उच्च दाबाचा होज, गेज आणि होजमधली हवा सोडून देणारा ब्लीड स्क्रू. ब्लीड स्क्रूविना विकली जाणारी जोडणी घेऊ नका. गेज ४०० बारचा, निदान ६३ मिलिमीटरच्या तबकडीचा असावा, २.५ वर्गाचा, म्हणजे अडीच टक्के चूक चालणारा, गेज १० बार इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणून २०० च्या सिलिंडरला १९० वर थांबावे. टाकी ३०० ची आणि बंदूक २०० ची असेल तर मधे २०० ला कापणारा रेग्युलेटर बसवलाच पाहिजे, विशेषतः मुले स्वतः भरतात त्या ठिकाणी. लक्ष दुसरीकडे गेले की २०० च्या सिलिंडरमध्ये २८० चढायला काही सेकंदच लागतात. ओ-रिंगने बसणाऱ्या आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नये. तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात. ओ-रिंगला शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसटसा हात पुरतो. शिवणयंत्राचे तेल, गंज सोडवणारा फवारा, व्हॅसलीन यांतले काहीही नको.

भरताना आधी रायफलच्या सिलिंडरवरची तारीख पाहा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमाप्रमाणे हे सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीच्या आत, जास्तीत जास्त १० वर्षे, वापरता येतात आणि मुदत पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची. मुदत संपलेला सिलिंडर भरू नका. सिलिंडर रायफलवरून उतरवून जोडणीला हाताने, आटा नीट बसवून लावा. ब्लीड स्क्रू बंद करा. टाकीचा व्हॉल्व्ह अगदी कणभर उघडा, इतका की गेजचा काटा हळूहळू सरकताना दिसेल. १०० वरून २०० वर जायला एक मिनिट तरी लागू द्या. घाई केली की हवा तापते. ५० अंशांना २०० दाखवणारा सिलिंडर ३० अंशांवर निवला की १८८ दाखवतो आणि लोक म्हणतात ‘गळतोय’. त्याहून वाईट, तापलेल्या हवेने ओ-रिंग जळते. दाब झाला की टाकीचा व्हॉल्व्ह बंद, मग ब्लीड स्क्रू सोडून होजमधली हवा पूर्ण जाऊ द्यायची, मगच सिलिंडर काढायचा. हाताने सुटत नसेल तर आत दाब आहे, पाना घेऊ नका. पुन्हा ब्लीड करा. भरलेला सिलिंडर पाण्यात बुडवून बुडबुडे पाहण्यापेक्षा साबणाचे पाणी तोंडाशी लावा, गळती लगेच कळते.

मोठी टाकी कधीही पूर्ण रिकामी करू नये. ५० बार उरले की थांबा. रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर रात्रीच्या गारव्यात ती बाहेरची दमट हवा आत ओढते. ठेवायची ती सावलीत, उभी, साखळीने भिंतीला बांधून, जिथे समुद्राचा खारा वारा थेट येत नाही अशा जागी. गाडीतून नेताना आडवी, पट्ट्याने बांधून, व्हॉल्व्हवर टोपी घालून. स्कूटरच्या पायाशी नाही. एप्रिल-मेच्या उन्हात बंद मोटार ६० अंशांपर्यंत तापली तर ३० अंशांना ३०० बार असलेली टाकी ३३० वर जाते. मान्यताप्राप्त टाकी तेवढे सोसते, पण ती गाडीत विसरू नये.

हातपंपाबद्दल दोन शब्द. पिस्तूल किंवा रायफल एकच असेल आणि घरात पंप मारायला धडधाकट माणूस असेल, तर तीन टप्प्यांचा हातपंप ही चांगली सोय आहे, पण पंपाच्या तोंडाशी दमट हवा गाळणारा सिलिका जेलचा फिल्टर हवाच आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर सुकवून घ्यावे. पाच मिनिटे पंप, पाच मिनिटे विश्रांती. तापलेला पंप सील खातो. १२ व्होल्टवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर थेट बंदुकीचा सिलिंडर भरण्यापुरते आहेत. त्यांना १२ लिटरच्या टाकीला जुंपले की पिस्टनची रिंग काही तासांत संपते आणि तेलकट हवा टाकीत जाते.

पालकांनी एवढे सगळे एकट्याने सांभाळावे ही अपेक्षा मात्र रास्त नाही. २०२३ मध्ये सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्याने भरवल्या; २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिने दहा मीटर एअर पिस्तुलात आणि सरबज्योत सिंग याच्या जोडीने मिश्र प्रकारात कांस्यपदके मिळवली. मुले या खेळाकडे येणार हे उघड आहे. गोवा क्रीडा प्राधिकरणाला आमची विनंती आहे की उत्तर गोव्यात एक आणि दक्षिण गोव्यात एक असे हवा भरण्याचे परवानाधारक केंद्र सुरू करावे, जे पावसाळ्यातही उघडे असेल. ३०० बारचा फिल्टरसह कॉम्प्रेसर, दोन साठ्याच्या टाक्या, २०० ला कापणारा रेग्युलेटर आणि भरण्याची टाकी ठेवायला पोलादी पिंजरा, एवढ्यावर काम भागते. पेसोमान्य चाचणी केंद्रांची यादी प्रत्येक रेंजच्या फलकावर मराठीत आणि कोंकणीत लावावी. आणि केंद्रावर एक साधी वही असावी: टाकीचा अनुक्रमांक, कामाचा दाब, शेवटच्या चाचणीचा महिना, भरण्याआधीचा व नंतरचा दाब, फिल्टर बदलल्यापासूनचे तास, भरणाऱ्याची सही. ज्या टाकीचा दुसरा किंवा तिसरा रकाना भरता येत नाही, ती टाकी त्या दिवशी रिकामीच परत जावी.

आपले,
एअर रायफल व पिस्तुलाचे काही प्रशिक्षक आणि देखभाल करणारे कारागीर,
फोंडा, गोवा